सदतीस कुठेच लिहिलेलं नाही

लिस्टेरिया मोनोसायटोजीनस या जिवाणूबद्दल कुठेही वाचायला घ्या, एक वाक्य हमखास भेटतं: आपण माणसाच्या शरीरात शिरलोय हे त्याला ‘कळतं’ आणि मग तो आपली हत्यारं बाहेर काढतो. लेख असो, बातमी असो की यूट्यूबवरचा व्हिडिओ, हे ‘कळणं’ काही सुटत नाही. मला हा शब्द गेले काही महिने छळतोय. कारण हे कळणं कसं घडतं ते आता रेणूच्या पातळीवर माहीत झालेलं आहे, आणि तिथे जाऊन बघितलं तर ज्याला कळलं असा कोणी सापडतच नाही. सापडते ती एक दुमडलेली फीत.

आधी ती फीत नीट बघू. लिस्टेरिया मातीत राहतो, सडक्या पाल्यापाचोळ्यात राहतो आणि तुमच्या-माझ्या फ्रीजमध्येही वाढू शकतो. चार अंशाला बाकीचे बहुतेक जिवाणू गारठून पडलेले असतात तेव्हा हा सावकाश का होईना, एकाचे दोन होत असतो. बाहेरच्या जगात असताना त्याला माणसाच्या पेशीत घुसण्याची यंत्रणा लागत नाही. ती यंत्रणा उभी करणं महाग आहे. त्यामुळे ती बंद ठेवायची आणि शरीरात पोचल्यावरच चालू करायची, असा एकूण हिशेब. घुसखोरीची ही जनुकं चालू करणारं एक प्रथिन आहे, त्याचं नाव पीआरएफए. ते बनलं की पुढचं सगळं सुरू. म्हणजे प्रश्न इतकाच उरतो की हे प्रथिन बाहेर बनत नाही आणि आत बनतं, ते कसं?

शाळेत शिकलेलं आठवा. डीएनएमध्ये कृती असते, तिची एक कामापुरती नक्कल निघते ती आरएनए, आणि त्या नकलेवर रायबोसोम बसून अक्षरं वाचत वाचत प्रथिन विणतो. पीआरएफएच्या नकलेत खरी कृती सुरू होण्याआधी शंभरावर अक्षरांचा एक तुकडा असतो. त्यातून प्रथिन बनत नाही. पण आरएनएची अक्षरं एकमेकांना चिकटतात, ए यूला आणि जी सीला, त्यामुळे ही फीत स्वतःवरच दुमडते, जशी केसांची पिन असते तशी. आणि रायबोसोमला बसायची जी जागा असते, ती नेमकी या घडीत अडकलेली असते. थंडीत घडी घट्ट राहते. रायबोसोम येतो, त्याला बसायला जागा मिळत नाही. सदतीस अंशाला रेणूंची धडपड इतकी वाढते की घडीतली कच्ची बंधनं सुटतात, जागा मोकळी होते, रायबोसोम बसतो.

झालं. एवढंच आहे.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पास्कल कोसार यांच्या गटाने, यॉर्गेन योहान्सन यांनी आणि सहकाऱ्यांनी हे २००२ साली दाखवलं. त्यांचा एक प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी हा सुरुवातीचा तुकडा कापला आणि जेलीफिशकडून आलेल्या चमकणाऱ्या हिरव्या प्रथिनाच्या कृतीसमोर जोडून दिला. मग हे सगळं लिस्टेरियात न ठेवता ई. कोलाय या भलत्याच जिवाणूत ठेवलं. तीस अंशाला हिरवं काही फारसं दिसेना. सदतीसला तो चमकायला लागला. ई. कोलायचा लिस्टेरियाच्या भानगडींशी काही संबंध नाही. तरी फीत तिथेही तेच करते. पुढे त्यांनी घडीतली काही अक्षरं बदलून ती कच्ची केली, तर प्रथिन कमी तापमानालाच बनू लागलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे हेच काम असतं तर एक सेन्सर असता, त्याचं रीडिंग घेणारं एक फंक्शन असतं, आणि कुठेतरी एक ओळ असती: तापमान सदतीस किंवा जास्त असेल तर हे कर. सदतीस हा आकडा एखाद्या कॉन्फिग फाइलमध्ये असता, आणि तो कोणी, कधी, कशासाठी बदलला याची नोंद असती. लिस्टेरियात यातलं काहीच नाही. मोजणारा वेगळा, वाचणारा वेगळा, ठरवणारा वेगळा असं नाही. ज्या कागदावर कृती लिहिली आहे तोच कागद थर्मामीटर आहे. अख्खा जीनोम शोधून काढा, सदतीस कुठेच लिहिलेलं नाही. ते जी-सीच्या तीन बंधांत आणि ए-यूच्या दोन बंधांत, घडी किती लांब आणि तिच्यात न जुळणारी अक्षरं किती, यात पसरलेलं आहे.

आणि ते सदतीस तरी कुठे? बंद-चालू असं बटण इथे नाही. या घड्या बॅगेच्या चेनसारख्या हळूहळू उघडत जातात. तीस अंशालासुद्धा काही फिती क्षणभर उघडतात आणि पुन्हा मिटतात, सदतीसलासुद्धा काही मिटलेल्या असतात. एका पेशीत एका वेळी अशा अनेक नकला असतात. त्यांतल्या किती उघड्या, एवढाच फरक पडत जातो. ‘ज्या क्षणी जिवाणूने ठरवलं’ असा क्षण दाखवायला सांगितलं तर दाखवता येणार नाही. एक वक्र रेषा आहे, आणि सोयीसाठी आपण तिच्या मधोमध बोट ठेवतो.

हा काही एकट्या लिस्टेरियाचा चमत्कार नाही. साल्मोनेलात सलग चार यू अक्षरांनी रायबोसोमची जागा झाकलेली सापडते. कॉलऱ्याच्या जिवाणूत तीच युक्ती आहे. प्लेगच्या जिवाणूत आहे. त्याच्याकडे नंतर येऊ. आणि सगळे काही रोगजंतू नसतात. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत राहणारा ब्रॅडिरायझोबियम, तोच जो पेरणीआधी गुळाच्या पाण्यात कालवून आमचे बाबा बियाण्याला चोळतात, त्याच्यातही असे आरएनए थर्मामीटर आहेत. फ्रान्झ नारबरहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मांडले. तिथे उष्णता वाढली की घडी सुटते आणि पेशीतल्या प्रथिनांना विस्कटण्यापासून वाचवणारी प्रथिनं बनतात. पाकीट उन्हात ठेवू नका म्हणून त्यावर छापलेलं असतं, बाबा ते कटाक्षाने पाळतात. सोय सगळीच आहे, पण मे-जूनच्या लातूरच्या उन्हापुढे कोणाची घडी टिकणार!

आता मूळ प्रश्नाकडे. याला कळणं म्हणायचं का?

आमच्या धंद्यातल्या एका पूर्वजाने याचं उत्तर बेधडक ‘हो’ असं दिलं होतं. जॉन मॅकार्थी. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हा शब्दप्रयोग त्यांचा, लिस्प ही भाषा त्यांची. १९७९ मधल्या एका निबंधात त्यांनी म्हटलं की खोलीचं तापमान राखणाऱ्या साध्या थर्मोस्टॅटलाही समजुती असतात असं म्हणता येईल. खोली फार गरम आहे, फार थंड आहे, किंवा ठीक आहे, अशा. जॉन सर्ल या तत्त्वज्ञाला हे अजिबात पटलं नाही. भिंतीवरच्या डबीलाही जर समजुती असतील तर मन नावाच्या गोष्टीचा अभ्यास कशाला करायचा, असा त्याच्या आक्षेपाचा रोख. डॅनियल डेनेट मधून वाट काढतो. त्याचं म्हणणं, एखाद्या गोष्टीला इच्छा आणि समजुती आहेत असं धरून चाललं आणि तिच्या वागण्याचा अंदाज नीट आला, तर खुशाल तसं धरावं. आत खरोखर काय आहे याची वेगळी चौकशी करण्यात अर्थ नाही. २०१७ च्या पुस्तकात तर तो थेट जिवाणूंपासून सुरुवात करतो: निसर्गात आकलन नंतर येतं, कुवत आधी येते. काम जमतं, पण का जमतं ते काम करणाऱ्याला ठाऊक नसतं.

डेनेट वाचताना मला पटतो आणि पुस्तक मिटलं की पटेनासा होतो. मला जास्त उपयोगी वाटला तो फ्रेड ड्रेत्स्के. त्याचा प्रश्न साधा आहे: एखादी गोष्ट जगाविषयी काही ‘सांगते’ असं कधी म्हणावं? जेव्हा ती चुकीचंही सांगू शकेल तेव्हा. डोंगराच्या सावलीने वेळ कळते, पण सावली चुकत नाही, चुकतो तो तिच्यावरून वेळ सांगणारा. मनगटावरचं घड्याळ मात्र स्वतः चुकू शकतं. चुकता येणं ही कळण्याची पहिली अट.

लिस्टेरिया चुकू शकतो का? प्रयोगशाळेत काचेच्या चंबूत पोषक रस घ्या, लिस्टेरिया सोडा, सदतीस अंशावर हलवत ठेवा. आजूबाजूला ना आतडं, ना यकृत, ना माणूस. तरी घड्या सुटतात आणि पीआरएफए बनतं. घुसायला घर नसताना घरफोडीची तयारी सुरू. ही चूक झाली का?

फितीच्या बाजूने बघितलं तर नाही. तिने तापमानाला जे करायचं तेच केलं. चूक म्हणायची तर ‘सदतीस अंश म्हणजे शरीर’ हे समीकरण कोणीतरी मांडलेलं असायला हवं. ते कोणी मांडलं? मांडलं नाही, उरलं. ज्यांच्या घड्या फार कच्च्या होत्या ते मातीतच फुकटची शस्त्रं बनवत बसले आणि शेजाऱ्यांच्या मागे पडले. ज्यांच्या फार पक्क्या होत्या त्यांना शरीरात संधी मिळूनही ती साधता आली नाही. मधले उरले. पीआरएफए कायम चालू राहील असे बदल केलेले लिस्टेरिया शरीराबाहेर स्पर्धेत खरोखरच कमी पडतात, हे प्रयोगात दिसलेलं आहे. म्हणजे चुकीची किंमत आहे, ती मोजली जाते, आणि मुख्य म्हणजे ज्याची घडी त्याच्याच वंशाकडून ती वसूल होते. सदतीस हा आकडा असा आला. तो लिहावा लागला नाही, कारण तो प्रत्येक चुकीने थोडा थोडा घासून बसवला गेला.

आणखी एक गोष्ट. लिस्टेरिया एकट्या तापमानावर विसंबून राहत नाही. पीआरएफए बनलं तरी ते पूर्ण ताकदीने कामाला लागण्यासाठी ग्लुटाथायोन नावाचा एक छोटा रेणू त्याला चिकटावा लागतो, आणि आपल्या पेशींच्या आत तो भरपूर असतो. ओटीपी आल्याशिवाय व्यवहार पुढे जात नाही तसं. चंबूतल्या लिस्टेरियाची गाडी त्यामुळे अर्ध्यावर अडते. मी यात शहाणपण बघत नाही. पण ज्या पावलाची किंमत मोठी, तिथे एकाच खुणेवर भरवसा टाकणारे टिकले नाहीत, इतकं तरी यातून दिसतं.

मराठीत या सगळ्यासाठी एक बरी सोय आहे, ती मला उशिरा दिसली. आपण ‘मला कळलं’ म्हणतो. मला थंडी वाजली, मला ताप आला, मला आठवलं, मला राग आला. यातलं काहीच ‘मी’ करत नाही, ते माझ्याकडे येतं. ‘मी’ लागतो तो ठरवायला: मी ठरवलं, तिने नाकारलं, त्याने सही केली. तेव्हा ‘लिस्टेरियाला कळतं’ या वाक्याशी माझं भांडण आता बरंचसं मिटलंय. थंडी वाजावी तसं त्याला कळतं, म्हणू दे. पण ‘लिस्टेरियाने ठरवलं’ हे मराठीतही खोटं आहे.

आणि इथूनच माझ्या डोक्यात जिवाणू मागे पडले आणि माझं काम पुढे आलं.

माझी एक मावशी गावी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. नवं मशीन घ्यायला तिने फोनवरच्या एका ॲपमधून कर्ज मागितलं. अर्ध्या मिनिटात मेसेज आला: आपला अर्ज नाकारण्यात आला आहे. ती कंपनी माझी नाही, पण मी जिथे काम करते तिथे याच प्रकारची यंत्रणा आम्ही बांधतो, म्हणून तिने मला फोन केला.

“अगं, नाही म्हणलं कोणी?”

“कोणी नाही गं मावशी, सिस्टीम असते. ती स्कोअर काढते.”

“मग त्या सिस्टीमला सांग की, बचत गटाचा एक हप्ता मी आजवर चुकवला नाही म्हणून.”

हे सांगता येत नाही. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या सांगता येईल, पण मावशीला तशी जागा त्या ॲपमध्ये नाही. आणि तिचा प्रश्न व्याकरणाच्या दृष्टीने अचूक आहे. नाकारणं म्हटलं की कर्ता लागतो. ‘नाकारण्यात आला आहे’ हा सरकारी कागदांतून ॲपमध्ये आलेला प्रयोग त्या कर्त्याला मागल्या दाराने घालवून देतो. ताप यावा तसा नकार आला.

आमच्या यंत्रणेत आत काय असतं ते सांगते. एक मॉडेल असतं. ते अर्जदाराच्या माहितीवरून एक शक्यता काढतं, समजा हा माणूस कर्ज बुडवण्याची शक्यता शंभरात अकरा. इथवर सगळं वक्र रेषेसारखं आहे, फितीच्या घडीसारखं. अकरा आणि बारा यांच्यात असा काही कडा नाही. मग येतो उंबरठा. शंभरात बाराच्या वर असेल तर नाही. हा बारा (हा आकडा मी उदाहरणादाखल घेतलाय) फितीत विरघळलेला नसतो. तो लिहिलेला असतो. एका फाइलमध्ये, एका ओळीत. कोणीतरी एका मीटिंगमध्ये तो मांडलेला असतो, दुसऱ्या कोणीतरी मान डोलावलेली असते, तिसऱ्या कोणीतरी तो टाइप केलेला असतो, आणि बदल कोणाच्या नावाने झाला ते आजही एका कमांडमध्ये दिसतं. जिवाणूत शोधूनही ठरवणारा सापडत नाही. इथे न शोधता सापडतात, तीन-तीन. तरी बोलताना आपण नेमकं उलट करतो: जिवाणू धूर्त, संधिसाधू, दबा धरून बसलेला, आणि कर्ज मात्र सिस्टीमने नाकारलं.

यावर आमच्यातल्या अनेकांचं उत्तर ठरलेलं आहे. मॉडेल चुकांवरूनच शिकतं, जसा तुझा जिवाणू घासून बसला तसाच हा बाराही आकड्यांवर घासून बसवलेला आहे, मग तक्रार काय? हा युक्तिवाद वाटतो तितका पोकळ नाही, म्हणून त्याच्याकडे नीट बघायला हवं. मॉडेल शिकतं कशावरून? कर्ज घेतलेल्यांनी ते फेडलं की बुडवलं, यावरून. ज्यांना कर्ज दिलंच नाही त्यांनी ते फेडलं असतं का, हे कुठेच येत नाही, येऊ शकत नाही. ज्याला द्यायला नको होतं त्याला दिलं, ही चूक तीन महिन्यांत डॅशबोर्डवर लाल होऊन दिसते. जिला द्यायला हवं होतं तिला दिलं नाही, ही चूक घडलेलीच दिसत नाही. मावशीने उधार-उसनवार करून मशीन घेतलं आणि ते वेळेवर फेडलं, तरी त्या कंपनीच्या कुठल्याही तक्त्यात एक ठिपकाही हलणार नाही. उंबरठा एकाच बाजूने घासला जातो. आणि न घासलेल्या बाजूची किंमत ज्याने आकडा लिहिला तो मोजत नाही, त्याच्या वंशातलं कोणी मोजत नाही. ती मावशी मोजते.

माझ्या लेखी लिस्टेरियाच्या घडीत आणि आमच्या बारामध्ये नैतिक फरक आहे तो इथे. एक रेणू आहे आणि दुसरा कोड, म्हणून नव्हे. घडीमागे कोणी नाही आणि बारामागे माणसं आहेत, हाही फरक खरा आहे, पण तेवढ्याने भागत नाही. माणसं असूनही चुकीची झळ त्यांच्यापर्यंत पोचत नसेल तर ती असून नसल्यासारखी. झळ तुटण्याची ही तऱ्हा संगणकाबरोबर आलेली नाही. आपल्याकडे तिची एक जुनी, कायद्याने बांधलेली आवृत्ती आहे, आणि योगायोगाने तिच्या मुळाशी पुन्हा एक आरएनए थर्मामीटर आहे.

प्लेगचा जिवाणू, येर्सिनिया पेस्टिस, पिसवेत असतो तेव्हा गार असतो. पिसवेला स्वतःची ऊब नाही. ती माणसाला चावली की तो सदतीस अंशात येतो. त्याच्या एलसीआरएफ नावाच्या नियंत्रक प्रथिनाच्या नकलेवर अशीच घडी आहे, ती सुटते, आणि आपल्या संरक्षक पेशींना आतून लुळं पाडणारी प्रथिनं टोचण्याची तयारी सुरू होते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. यातलं रेणूंचं काही तेव्हा कोणाला माहीत असणं शक्य नव्हतं. पिसवेचा हात आहे हेदेखील पॉल-लुई सिमों यांनी कराचीत दाखवलं ते १८९८ मध्ये. तोवर सरकारने आपला उंबरठा ठरवला होता: ताप आणि काखेत-जांघेत गाठ. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला, पुण्यात रँडच्या हाताखाली सोल्जर घराघरात शिरून लोकांना तपासू लागले, बायाबापड्यांच्या अब्रूची पर्वा न करता. त्याच साथीत रुग्णांची सेवा करता करता १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जूनला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. हे सगळं आपण शाळेत वाचलेलं आहे. त्या कायद्यात एक कलम होतं ते मात्र शाळेत कोणी सांगत नाही. चौथं कलम: या कायद्याखाली सद्भावनेने जे काही केलं जाईल त्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही.

अख्खा कायदा चार कलमांचा, आणि त्यातलं एक यासाठी खर्चलेलं. मला त्यामागची अडचण समजते. साथीत निर्णय भराभर घ्यावे लागतात, प्रत्येक निर्णयावर कोर्टात उभं राहायचं म्हटलं तर कोणी हातच लावणार नाही. २०२० मध्ये हाच कायदा पुन्हा बाहेर काढला गेला, आणि मॉलच्या दारात कपाळावर बंदूक रोखणारा गार्ड ‘चौतीस’ वाचून, म्हणजे हिशेबाने आपण जवळपास मेलेले असताना, आपल्याला आत सोडू लागला. तिथे चुकीचं हसू तरी आलं. १८९७ च्या पुण्यात ज्याला प्लेग नव्हता आणि ज्याला उचलून रुग्णांच्या छावणीत नेलं, त्याची चूक नोंदवायला जागाच ठेवलेली नव्हती. चौथं कलम आणि आमचा डॅशबोर्ड यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. फरक एवढाच की त्या कलमात कोणीतरी निदान लिहून ठेवलं होतं की आम्हाला विचारायचं नाही.

तुम्ही म्हणाल, मग करायचं काय? प्रत्येक आकड्यामागे नाव लावायचं? नाव आधीच आहे, सांगितलंच. नावाने मावशीचा ठिपका तक्त्यात येत नाही. माणूस बसवायचा? बँकेच्या काउंटरमागे माणूसच होता तेव्हा मावशीला आत जायलाच भीती वाटायची, हेही तिनेच मला सांगितलेलं आहे. जुन्या साहेबाबद्दल हळवं व्हायचं मला कारण नाही.

कर्जाच्या धंद्यात एक जुना उपाय आहे, नवा नाही, आणि फार कोणाला आवडत नाही. उंबरठ्याखाली पडलेल्यांपैकी थोड्यांना, चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात तसं निवडून, तरीही कर्ज द्यायचं आणि काय होतं ते बघायचं. काही बुडवतील, ते पैसे गेले. पण जे फेडतील ते तक्त्यात येतील, आणि तो बारा पहिल्यांदाच दुसऱ्या बाजूनेही घासला जाईल. तीस अंशाला उगीचच उघडणाऱ्या त्या थोड्या फिती मला इथे आठवतात, पण त्या काही शिकण्यासाठी उघडत नाहीत. उपमा इथेच सोडते.

गेल्या आठवड्यात टीमच्या बैठकीत मी हे मांडलं. कोणी हसलं नाही. मॅनेजरने विचारलं, शंभर अर्जांत किती जणांना असं द्यायचं आणि त्यात किती पैसे बुडतील असं धरायचं. प्रश्न रास्त आहे. एक म्हटलं तर शिकायला इतकी वर्षं लागतील की तोवर मॉडेलच बदललेलं असेल. पाच म्हटलं तर वरचे लोक फाइल बंद करतील. म्हणजे या दोहोंच्या मधला एक आकडा आता मलाच लिहायचाय, माझ्या नावाने, आणि त्याच्या आत-बाहेर कोण पडलं ते त्यांना कधी कळणार नाही. सोमवारपर्यंत द्यायचाय. सध्या मी शंभरात दोन आणि शंभरात तीन यांची गणितं शेजारी-शेजारी मांडून बसले आहे.